रात्र अकरावी

पडद्यावर सगळंच करडं दिसतं.
बुधी, भिंत, तणस,
आणि तिच्या छातीवरच्या पांढऱ्या कोरीखाली
काहीतरी हलतं. की नाही हलत.
मी चष्मा पुसतो. परत पुसतो.

वहीत लिहिलंय:
तापमान सात. मादीने खाल्ले नाही. पाणी नाही.
पिल्लू : आवाज आहे.

काटोल रोडवर ट्रक गिअर बदलतात.
कोराडीच्या चिमण्यांवरचे लाल दिवे
पेटतात, विझतात,
आणि मी कांबळं घेऊन बसलोय
एका गुहेबाहेर, जी आम्हीच बांधली.
गवंडी मानकापूरचा. बिल अजून अडकलंय.

हिला विहिरीतून निघताना मी पाहिलंय.
देवरीकडचं शेत, बुधवार.
चारी कोपऱ्यांना दोर बांधून खाट खाली सोडली.
माय वर आलीच नाही.
ही आली, खाटेच्या पायाला चिकटून,
चिखलात लोळलेली, चपलेएवढी.
दर तीन तासांनी बाटली. मीच.
माझं बोट लुचायची आणि लुचताना घुमायची,
लांबच्या गावात पिठाची गिरणी चालावी तशी.
बायको म्हणाली, घरच्या पोरींचं एवढं नाही केलं.
खरं होतं. मी बाटली उकळत राहिलो.

मग हिला हे कोणी शिकवलं?
ज्या नखांनी वारूळ फुटतं
त्याच नखांत लेकरू असं धरायचं,
अकरा दिवस उठायचं नाही,
चाटून चाटून जागं ठेवायचं?
मी तर नाही.
माझ्याकडे एक बाटली होती
आणि एक निळा टॉवेल.

पहिल्या रात्री दोन आवाज होते.
पहाटे एक.
खोब्रागडे मॅडमनी फुटेज मागे नेलं,
मधेच थांबवलं,
म्हणाल्या, कुमरे, वहीत एकच लिहा.
मी एकच लिहिलं.
तणसात शोधून काही मिळणार नव्हतं,
दोघांनाही माहीत होतं.
बुधीचा राग येईना.
तिची बाजू घेणंही जमेना.

हुकूम असा की जवळ कोणी जायचं नाही.
तेलाचा, विडीचा, साबणाचा, कसलाच वास नको.
माझाही नको का मॅडम?
तुमचा तर मुळीच नको.

दोन चाळीस.
बुधी उठते.

पिल्लू खाली ठेवते, ठेवते म्हणजे सोडूनच देते,
आणि हौदाकडे जाते.
ते तिथं. पहिल्यांदा सगळंच्या सगळं दिसतं.
मुठीत मावेल. डोळे मिटलेले.
अंगावर केसांची नुसती सावली.
आणि ओरडतंय.
एवढ्याशा भात्यातून एवढा आवाज येतो कुठून!

मी उभा. खुर्ची आडवी.
किल्ल्या हातात कधी आल्या ते कळलं नाही.
दार वीस पावलांवर. टॉवेल कपाटात.
हिनं दुसऱ्याचं काय केलं ते मला माहीत आहे.
सात डिग्रीत उघडं लेकरू किती टिकतं
तेही.

माईकमधून लपलप ऐकू येते.
पी, बाई. पी लवकर.
मी मोजतोय :
उंदी, रंड, मुंद, नालुंग,
सैयुंग, सारुंग, येरुंग...
आईकडून एवढंच आलं,
सातापुढे मोजायची तिला गरज पडली नाही.
परत उंदी. परत रंड.

पाचवा फेरा पुरा झाला,
सहाव्यात सैयुंगवर ती वळली.
धप्पकन बसली. माझा श्वास अडकला,
तिचं ढुंगण पिल्लाच्या बोटभर अलीकडे.
मग पंजा. मग नाक. मग नुसता काळोख,
त्यात ते गेलं.
ओरडणं तुटलं.

माईक खरखरला.
आणि लांबून, फार लांबून
ती गिरणी.

मी खुर्ची उचलली. वही ओढली.
उजव्या तळव्यात किल्लीचे दात उमटलेले,
पेन नीट धरवेना.
मादी पाणी प्यायली. वेळ :
पाच सत्ते पस्तीस आणि पाच.
मराठीत चाळीस सेकंद.