लाल संपतो तिथून

जुना कॅमेरा मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडला.
एकवीस स्क्रू, निघाले त्या क्रमाने,
मुरंब्याच्या बरणीच्या झाकणात.
फ्लॅशच्या पोटात उरलेल्या विजेनं कोपरापर्यंत झिणझिणवलं,
एक शिवी हासडली, पुन्हा वाकलो.
सेन्सरवरची निळसर काच,
टपालाच्या तिकिटाएवढी,
अलगद सुटली.

हेल्वे म्हणाली, चांगलं डोळस यंत्र आंधळं केलंस.
म्हटलं, आंधळं कसलं, झापड काढली त्याची.

हीउमा बेट आमचं. आठ दिवस मी
फेरीबोटीच्या इंजिनखोलीत, आठ दिवस मोकळा.
हौशी लोक येतात ते पहाटे दीपगृहापाशी
कोवळ्या उजेडासाठी ताटकळतात.
मी निघतो भर दुपारी,
राईचा पाव आणि धुरावलेला मासा बांधून,
सगळे ज्या उन्हाला नावं ठेवतात
त्याच उन्हात.

आधी गवतावर पालथं पडायचं,
कॅमेऱ्याला पटवायचं : हे पांढरं धर.
कुंपणापलीकडून आइनो विचारते,
काही हरवलंय का?

बरंचसं फुकट जातं.
महागाच्या भिंगातून चित्राच्या मधोमध
फिकट वर्तुळ येतं,
काचेवर कुणी उसासा टाकावा तसं.
त्यापेक्षा वडिलांचं सोव्हिएत काळातलं भिंग,
कडेला बुरशीची नक्षी,
ते बिचारं निमूट काम करतं.
मग रात्री संगणकावर लालच्या जागी निळा,
निळ्याच्या जागी लाल,
आणि पाहत बसायचं :
जूनमधल्या जुनिपरवर बर्फ,
आभाळ तव्याच्या बुडासारखं,
समुद्र डांबर.
पाच मैलांवरची पवनचक्की
धुक्यातून पाती मोजता येतील इतकी जवळ.

जुलैत कब्रस्तानामागच्या टेकाडावर
तिकाटणं रोवून उभा होतो.
कुरणाच्या बांधावरून माणसं आली, हळू, दोन-दोन.
एंडेल मधवाला गेला होता. मला ठाऊक होतं ते,
वेळ तेवढी ठाऊक नव्हती.
बटण आधीच दाबलं गेलं होतं.
टोपी नंतर काढली.

रात्री पडद्यावर अख्खी अंत्ययात्रा पांढुरकी.
कोट, स्कर्ट, पोरांच्या विजारी,
काळ्या रंगानं दुकानात दिलेला शब्द
कुणाच्याच अंगावर टिकला नव्हता.
काळा उरला फक्त पाद्रीबुवांचा झगा
आणि हाराची प्लास्टिकची पानं.

वाटेवर पसरलेल्या स्प्रूसच्या फांद्या मात्र
चकाकत होत्या,
रानात उभ्या असलेल्या झाडांइतक्याच.
तोडून दोन दिवस झालेले.
त्यांना बातमी पोचली नव्हती.

आठवडाभर तो फोटो पाकिटात ठेवून फिरलो.
देऊ का? दुसऱ्याच्या दुःखाशी असला खेळ?
शेवटी माइमूच्या दारात उभं राहून
तो तिच्या हातात दिला, आणि नजर चुकवून
मोहोळांच्या पेट्या मोजत बसलो. अकरा.

ती बराच वेळ बघत राहिली.
हा माझा कोट? टालिनहून आणलेला,
खास काळा म्हणून?
मग, बोट फांद्यांवर ठेवून :
मधमाश्यांना असंच दिसतं का रे सगळं?

नाही, म्हणालो.
त्यांना जांभळ्याच्या पलीकडचं दिसतं.
हे लालच्या पलीकडचं. अगदी दुसरं टोक.

म्हणजे हे कुणालाच दिसत नाही?

उत्तर माझ्यापाशी नव्हतं.
ती आत गेली, एक बरणी घेऊन आली,
एंडेलचा शेवटचा मध,
बकव्हीटच्या फुलांचा, काकवीसारखा गडद.

घरी तो खिडकीत ठेवला आणि सवयीनं कॅमेरा उचलला.
चित्रात बरणी जवळजवळ पाण्यानं भरलेली,
आणि तिच्या आरपार
अंगणातला दोर,
दोरावर हेल्वेचा काळा कोट,
फिका, वाऱ्यानं किंचित फुगलेला.