ई रांग, बारा नंबर

रविवारचं ठरलंय.
शुक्रवारी नको, अधिवेशन चालू आहे, टेकडी रोडवर मोर्चे.
शनिवारी मामाजींच्या गुडघ्याला शेक.
रविवारी कुठल्याशा हौशी मंडळाचं तीन अंकी नाटक,
तिकीट ऐंशी रुपये.

विजेच्या बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला:
चितार ओळीतून मेट्रो. तिथे लिफ्ट आहे,
पण लिफ्टपर्यंत पोचायलाच एक लिफ्ट हवी.
मग ऑटो. शेजारचा भुराजी दीडशे म्हणतो,
परतीला थांबला तर अडीचशे.
थिएटरला पायऱ्या किती?
"अकरा," पलंगावरून मामाजी.
"समोरून अकरा. मागच्या दारानं सात.
त्यातली तिसरी फुटकी हाये, पाय जपून."
तेवीस वर्षं झाली त्या पायरीला त्यांचा पाय लागून.

दामोधर निनावे. दिवसा माग, रात्री पडदा.
एकतीस वर्षं दोरी ओढली.
तिसरी घंटा झाली की तळहातावर फुंकर,
आणि मग सावकाश,
नव्या लुगड्याची घडी उलगडावी तसा
पडदा दोन्हीकडे.
"नाटक पायलं तं सारंच पायलं," म्हणतात,
"पण एका बाजूनं."
राजा त्यांना फक्त डाव्या गालाचा माहीत.
राणी मेली की विंगेत येऊन पाणी प्यायची
आणि यांच्याच स्टुलावर बसून चप्पल शोधायची.
समोरून मरताना कशी दिसते ती?
त्यांनी सासूबाईंना विचारलं होतं.
त्या बाल्कनीत बसायच्या, फुकटच्या पासवर.
म्हणाल्या, मला झोप लागली होती,
तुमचा पडदा तेवढा पाहिला.

म्हणून ई रांग, बारा नंबर. ऐन मध्ये.
ही माझी हौस, त्यांनी मागितली नव्हती.

बुकिंगच्या खिडकीवर फोन केला.
रॅम्प नाही. कँटीन बंद.
संडास खाली, मध्यंतरात गर्दी असते, आधीच जाऊन या.
आणि पडदा?
पोरगा हसला. "नवीन आहे ना मॅडम, मोटरवर.
बटन दाबलं की झालं."
जुना?
"मंडपवाल्यानं नेला असेल."

जुन्या पडद्याला आतून, उजवीकडे,
गुडघ्याच्या उंचीवर एक रफू होतं.
कुठल्याशा लढाईच्या प्रवेशात मशाल लागली होती.
सासूबाईंनी मागावरचं उरलेलं रेशीम नेलं
आणि स्टेजवर बसून, दुपारभर,
लाल मखमलीत जरा जास्त लाल भरलं.
लोकांना ते कधी दिसलं नाही.
दिसायचं दोरीवाल्याला.

हे मी बिलाच्या पाठीवर लिहिलं नाही.
लिहिलं: गोळ्या. मफलर. पाण्याची बाटली.
संडासासाठी कडेची खुर्ची बरी, म्हणून बारा खोडला.
एक लिहिला. तो खोडून पुन्हा बारा.

"मले मधात काऊन बसवते वो पोरी?
मधातून उठता येत नाई."
उठायचं कशाला?
"अटकला तं?"
आता नाही अटकत, मी म्हणाले,
आणि जीभ चावली.
ते काही बोलले नाहीत.
स्वेटरची बटणं खालून वरपर्यंत लावली,
एक चुकलं, पुन्हा सगळी काढली.
आज तर गुरुवारच आहे.

रात्री धुवायच्या कुडत्याच्या खिशात
मेणबत्तीचा तुकडा लागला, बोटभर,
कप्पीला चोळायचा असतो तसला.
इस्त्रीचा कुडता खुंटीवर होता.
त्याच्या खिशात ठेवून दिला.

नाटक साडेसहाला.
भुराजीला साडेचारची वेळ सांगितली आहे,
आणि मागचं दार.