काठावरचा अंक

याकुत्स्कमध्ये उणे पन्नास.
बाजारात मासे उभे करून विकतात,
जळाऊ लाकडासारखे, शेपट्या वर.
येफिमकडे वजनं चारच :
एक, तीन, नऊ, सत्तावीस.
दोन किलो हवेत? तो माशाशेजारी
एकाचं वजन ठेवतो, समोरच्या पारड्यात तिनाचं.
काटा थरथरतो, थांबतो.
चाळीसपर्यंतचा कुठलाही आकडा त्याला असा जमतो
आणि हे गणित आहे
हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

न्युर्गुयाना मासा पोत्यात घालते, कामावर येते.
तिचं यंत्रही असंच मोजतं.
सेतुन. मॉस्कोतल्या एका लहानशा नदीचं नाव.
बहुतेक यंत्रं शून्य आणि एक शिकून थांबली,
हे तिसरंही शिकलं : उणे एक.
वहीत ती तो एक उलटा लिहिते, डोक्यावर उभा.
ऋण संख्येला वेगळी खूण लागत नाही,
कर्ज आकड्याच्या अंगातच असतं.

आपण खेळायचो ना, तळ्यात, मळ्यात,
उडी चुकली की बाद.
काठावर थांबायला त्या खेळात जागाच नव्हती.
इथे होती.

खिडकीला आतून बर्फ. यंत्राची ऊब.
कझानहून आलेला जोडारी इल्गिझ
तारा तपासता तपासता म्हणाला,
माझ्याबरोबर येशील?
ती फेराइटच्या कड्यांकडे बघत राहिली,
मोहरीएवढ्या, तारेत ओवलेल्या.
मग म्हणाली, शून्य.
तो नकार समजून निघून गेला.
इतकी यंत्रं जोडली त्यानं,
शून्य म्हणजे नाही, हे त्याला कुणी शिकवलं?

पुढे नवं यंत्र आलं, दोनाचं.
पाठोपाठ कागद :
जुने यंत्र चालू स्थितीत आहे काय?
हो. नाही. दोन चौकोन.
चालू होतं. कालच त्यानं
लेनाच्या पुराचा हिशेब पुरा केला होता.
पण ट्रक दारात येऊन उभा,
इंजिन सुरूच, तिथल्या थंडीत ते बंद करत नाहीत.
तिनं दोन चौकोनांच्या मधोमध
एक शून्य काढलं, गोल, सावकाश,
आणि खाली सही केली.
कचेरीत ते 'नाही' म्हणून नोंदलं गेलं.

घरी जाताना ती येफिमकडे थांबली.
हातमोजा काढून, खिशातलं एक कडं
त्याच्या रिकाम्या पारड्यात टाकलं.
काटा हलला नाही.
"हे काय तोलतेस?"
"काही नाही," ती म्हणाली. "दोन किलो दे.
नेहमीसारखे."