हजाराला किती

सराफाने आधी काचेसकट तोललं,
मग काच वजा केली, मग आतलं यंत्र.
उरली ती चांदी, अठ्ठेचाळीस ग्रॅम.
आतलं सामान परत न्या, म्हणाला,
पोरांना खेळायला होईल.

म्हणून नागमणी मेरगू माझ्याकडे आल्या,
एप्रिलच्या दुपारी, साखर पेठेतून चालत.
पंख्याखाली बसल्या, पाणी प्यायल्या,
आणि विड्यांच्या सुपातल्या फडक्यातून
घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.
तंबाखूचा वास त्याच्याआधी पोचला होता.

माझं काम सोपं. मी झाकणं उघडतो.
सोलापुरात ही विलायती घड्याळं अजून निघतात,
मंगळवार बाजारात, बिजागऱ्या आणि नळाच्या तोट्यांच्या ढिगात,
बहुतेकांची चांदी केव्हाच मुशीत गेलेली,
नुसती पितळी आतडी.
मी ती सुपारीच्या डब्यांत ठेवतो.
बायको त्या कपाटाला अनाथाश्रम म्हणते.

हे मात्र अंगावरच्या चांदीनिशी आलेलं.
भिंगाखाली नांगर (जहाजाचा, आपला नव्हे) म्हणजे बर्मिंगहॅम.
पाय उचललेला सिंह, म्हणजे चांदी खरी.
एक अक्षर, त्यावरून साल: अठराशे ब्याऐंशी.
तबकडीवर चाराच्या चार उभ्या रेघांपाशी
केसाएवढी चीर. दोन हजार कमी.
सेकंदाचा काटा दुसऱ्या कुठल्या घड्याळाचा. हजार कमी.
मी वहीत लिहीत गेलो.

"सासऱ्यांचे वडील," त्या म्हणाल्या, "राजय्या.
गिरणीच्या फाटकावर बसायचे.
उशिरा येणाऱ्याचं नाव लिहायचे.
साहेब विलायतेला जाताना देऊन गेला म्हणे."

मी आतलं झाकण उघडलं.
वेग राखणारी बारकी दांडी
'मंद'च्या टोकाला पार टेकलेली.
मला एकदम सुचलं, आणि मी सांगून टाकलं:
राजय्यांनी मुद्दाम केलं असणार बघा.
भोंगा वाजून गेल्यावर धापा टाकत येणाऱ्यांना
त्यांच्या घड्याळात अजून दोन मिनिटं शिल्लक असायची.
सांगताना बरं वाटलं.
अशा गोष्टीने भावही चढतो.

नागमणींनी पदराने मान पुसली.
"आणि सुटताना?"

सुटताना.
तो भाग मी धरलाच नव्हता.
सकाळी सोडून दिलेली दोन मिनिटं
संध्याकाळी तेच घड्याळ कापून घेणार.
किंवा यातलं काहीच नसेल,
स्प्रिंग जोरकस असेल, घड्याळ पुढे पळत असेल,
कुण्या कारागिराने लगाम ओढला असेल, एवढंच.
वहीतली ती ओळ मी खोडली.

मग सहा नंबरची किल्ली लावून चार फेरे दिले.
आत साखळी शंकूवर चढू लागली,
सायकलची असते तशीच, दुवा आणि खिळा, दुवा आणि खिळा,
पण जाडी घोड्याच्या केसाची.
ही मी सगळ्यांना दाखवतो. सगळे म्हणतात, अबब.
त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि गप्प झाल्या.
"हे कोण करत होतं?"

बायका, मी म्हणालो. पोरीसुद्धा.
तिकडे इंग्लंडात, घरात बसून, खिडकीशी.
डोळे जायचे त्यांचे.

भिंग तसंच डोळ्याला धरून त्यांनी विचारलं,
"हजाराला किती मिळत होतं वो त्यांना?"

माझ्याकडे जाडजूड चार पुस्तकं आहेत.
लिलावांतले भाव आहेत, कारागिरांची नावं आहेत,
साखळी तुटकी असली तर किती वजा करायचे, तेही आहे.
नाही माहीत, मी म्हणालो.
"मग तुमचा हिशेब राहिलाच की."

सांगितला तरी मी आकडा. बारा हजार.
त्या हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत.
घड्याळ टिकटिकतंच फडक्यात गेलं, फडकं सुपात.
साडेचारला कारखान्यात विड्या मोजून घेतात,
उशीर झाला की छाट जास्त काढतात.
दारात थांबून त्यांनी माझ्या भिंतीकडे पाहिलं,
तिथे सात घड्याळं आहेत.
"यातलं बरोबर कुठलं?"