बरण्यांची मोजदाद

मी टाइपिस्ट होते नेब्रास्कातल्या एका मदत-कचेरीत,
न्यायालयाच्या तळघरात,
जिथल्या खिडकीतून रस्त्यावरचे फक्त बूट दिसायचे.
सुतळीने आवळलेले आले की कळायचं, ब्लाझेक.

थर्लो किंबल साहेबांचं काम होतं नाही म्हणणं.
रस्त्यावर जागा नव्वद, अर्ज चारशे बारा.
घरटी एकच माणूस, आणि त्या घरात
काही उरलेलं नाही याचा पुरावा.
नसण्याचा पुरावा कसा घ्यायचा
ते वॉशिंग्टनच्या परिपत्रकात नव्हतं,
म्हणून ते घरोघर तळघरात उतरायचे
आणि बरण्या मोजायचे.

पीच सहा. घेवडा अकरा. चरबी, अर्धा डबा.
मी तीन प्रतींत टाइप करायचे;
कार्बनची निळाई बोटांवरून पावाला लागायची.

हिल्मा लुंडक्विस्टकडे त्या मार्चमध्ये मीही गेले,
कारण धुळीने दुपारी तीनलाच अंधारलं होतं
आणि कंदील धरायला एक हात हवा होता.
नवरा गेलेला. तीन पोरं.
सरकारी शिवणखोलीत तिला जागा हवी होती.
आणि तळघरात, फळ्या वाकतील इतकं, बीट!
एकोणचाळीस बरण्या, लालभडक,
प्रत्येकीवर तारखेची चिठ्ठी.
किंबलांनी पेन्सिल जिभेवर ओली केली.
मनात म्हटलं, संपलं हिचं.

मग त्यांनी एक बरणी कंदिलासमोर धरली.
ज्योत आरपार दिसली.
पाणी. सालींत उकळून रंगवलेलं नुसतं पाणी.

"शेजारणी खाली डोकावतात," ती म्हणाली.
"भरलेल्या लिहा."
"मग काम नाही मिळणार."
"आणि रिकाम्या लिहिल्यात तर गाव वाचेल."
गाव वाचायचंच. तिसरी प्रत समितीकडे जायची,
आणि समितीत अर्धं चर्च बसायचं.

किंबल पूर्वी खिळे-बिजागऱ्या विकायचे.
मापात चुकलेलं त्यांना खपत नसे.
बराच वेळ ते वहीकडे बघत राहिले,
मग लिहिलं: एकोणचाळीस, नासलेल्या.
ती ताडकन उठली.
"माझ्या हातची बरणी आजवर नासलेली नाही!"

खोडलं. पुन्हा विचार.
"गोठून फुटल्या?" त्यांनी विचारलं,
दुकानात गिऱ्हाइकाला विचारावं तसं.
तिने जानेवारी आठवून पाहिला.
"चालेल," म्हणाली. "थंडीला कोण काय करणार."

मग आम्ही तिघांनी
त्या बरण्या वर आणल्या आणि कोंबड्यांच्या खुराड्यामागे ओतल्या.
दोन हातांवरचं दिसत नव्हतं,
कुंपणापलीकडचं तर सोडाच.
ते लाल पाणी धुळीने एका घोटात प्यायलं.
बरण्या तिने पुसून पालथ्या घातल्या.
फुटलेल्या बरण्या, एकही तडा नसलेल्या.

एप्रिलपासून तिने पोत्यावारी शर्ट शिवले,
काज इतके नेटके की तपासनीस ते नमुना म्हणून नेत.

किंबलांना लोक चांगला माणूस म्हणतात
तेव्हा मी गप्प बसते.
त्याच आठवड्यात त्यांनी ब्लाझेकचा अर्ज नाकारला:
घरात रेडिओ आढळला.
ते पानही मीच टाइप केलं, तीन प्रतींत.
त्या रेडिओत बॅटरी नव्हती.
तो कुणी उजेडात धरला नाही.