भट्टीच्या दोन बाजू

कुल्दिगापासून अठरा किलोमीटर, त्यातले शेवटचे तीन बर्फातून.
गाडीत राउटर, चाळीस मीटर केबल, ड्रिल
आणि फोनवर मिळालेली एकच सूचना:
दारं दोन आहेत, आधी माझ्याकडे या.
दोघांनीही हेच सांगितलं होतं.

डावीकडे वाल्फ्रिड्स, उजवीकडे त्याची बहीण आउस्मा,
मधे बापाने बांधलेली हिरव्या फरशांची भट्टी,
छताला टेकलेली.
लाकडं घालायचं तोंड तिच्या खोलीत,
राख काढायचं दार त्याच्या.
अकरा वर्षं ती न बोलता लाकडं घालते,
तो न बोलता राख काढतो.
दोघांतून विस्तव जात नाही म्हणावं,
तर दोघांच्या मधे होता तो तेवढाच.

कशावरून बिनसलं, मी विचारलं नाही.
दुसऱ्याच्या घरात तारा ओढणाऱ्या बाईने
एवढं पथ्य पाळावं.

कॉम्प्युटर पाच.
त्याचे दोन: एक हवामान बघायला,
एक लाकडाच्या हिशेबाचा, बटणांत भुसा अडकलेला.
तिचे तीन: विणकामाच्या नमुन्यांचा,
मुलगा रिगाला जाताना टाकून गेला तो,
आणि एक पिवळा पडलेला,
अजून कसा चालतो ते त्यालाच ठाऊक.
प्रिंटर एकच, तिच्याकडे.
एका पानासाठी तो
बस पकडून गावातल्या वाचनालयात जायचा.

राउटर तिच्या खिडकीत ठेवला: तिकडे चार काड्या, इकडे एकही नाही.
त्याच्या कपाटावर ठेवला: उलट.
विटा, लोखंडी झडपा, बापाच्या काळापासूनची काजळी.
ऊब आरपार जाते,
लहरी फरशीवर डोकं आपटून परत येतात.
भट्टीवरच ठेवू का, मी मोठ्याने म्हटलं,
आणि दोन खोल्यांतून एकदम आवाज आला:
वितळेल!
मग दोघंही गप्प,
चोरी पकडली गेल्यासारखे.

शेवटी भट्टीशेजारच्या भिंतीला भोक.
पेन्सिल जाईल एवढं.
परवानगी दोन वेळा घेतली, कॉफी दोन वेळा प्याले.
ड्रिल पलीकडे निघालं
ते त्याच्या कॅलेंडरच्या फेब्रुवारीतून,
तेरा तारीख गेली.
केबल ओढली, दुसरा डबा त्याच्याकडे टांगला,
हिरवा दिवा लुकलुकला, विचार केला, स्थिरावला.

नेटवर्कला नाव काय?
ती म्हणाली, आउस्मा. तो म्हणाला, वाल्फ्रिड्स.
मी लिहिलं: भट्टी.
पासवर्ड तिने दिला, आईच्या गाईचं नाव.
त्याच्या खोलीत बसून टाईप करताना
तीनच अक्षरं झाली होती,
मागून तो म्हणाला, थांबा, चुकाल,
पुढचं मी सांगतो.

मग पाचही यंत्रांची नावं एकाखाली एक
त्याच्या पडद्यावर आली.
तिसऱ्या ओळीत: आउस्मा.
तो त्या ओळीकडे बघत राहिला,
हवामान बघतो तसा.

प्रिंटर तपासायचाय, मी म्हटलं, काहीही पाठवा.
त्याने एका बोटाने लिहिलं, पुसलं,
पुन्हा लिहिलं. मला वाचू दिलं नाही.
भिंतीपलीकडे प्रिंटर खाकरला.
बराच वेळ झाला, कागद घेतल्याचाही आवाज नाही.

मी तिकडे गेले तेव्हा
ती भट्टीला पाठ लावून उभी होती, पान हातात.
झडप अर्धी लाव, धूर येतो माझ्याकडे,
एवढंच होतं त्यावर. नाव नाही, गाव नाही.
म्हणाली, याला उत्तर कसं पाठवायचं?
प्रिंटर तर माझ्याकडेच आहे.

नेटवर्कवरून तेरा मार्ग होते. मी तोंड उघडलं,
आणि ती भोकाकडे बघतेय असं दिसलं.
केबलभोवती अजून फट होती,
फोम भरायचा राहिला होता.

तिने पानाची पट्टी फाडली, काहीतरी लिहिलं,
विडीसारखी वळली.

मी अवजारं आवरली.
फोमचा डबा न उघडताच गाडीत ठेवला,
बिलात त्याचे पैसे लावले नाहीत.