नाकावर विश्वास ठेवू नये

रुवैसला पहिल्या दिवशी शिकवलं ते हेच.
गेटवर पाटी आहे, चार भाषांत, मराठी सोडून:
वास आला तर मास्क लाव,
वास थांबला तर पळ.
कुजक्या अंड्यासारखा येतो तो वायू
आणि वाढला की आधी नाकच मारतो.
आपल्याला वाटतं, गेला.
छातीवरचा मीटर बोंबलतो तो खरा.
नाक घरचं असलं तरी साक्षीला चालत नाही.

मी नाकासमोर चालणारा माणूस,
फलटणच्या आयटीआयचा फिटर.
फोरमन मॅकलीश. त्याच्या इंग्रजीत नाक फार.
पहिल्याच आठवड्यात म्हणाला, कीप युअर नोज क्लीन.
मी बाथरूमला जाऊन शिंकरून आलो.
भानगडीत पडू नकोस, एवढंच म्हणत होता
हे कळायला रमजान उजाडला.

मग एकेका नोजची ओळख झाली.
शर्यतीत उंट नाकभर अंतरानं जिंकतो.
आकडा नेमका निघाला की तो नाकावर असतो
(आमच्या नाकावर राग असतो, माशी बसू देत नाही).
एकदा चहाला त्यानं विचारलं,
तुम्ही लोक काय करता नाकाचं?
मी म्हणालो, मुरडतो. खुपसतो. घासतो.
दुसऱ्याचं कापतो.
वेळ पडली तर त्यानं कांदे सोलतो.
मग श्वास कधी घेता?
नाकी नऊ आले की.

खल्फान कंट्रोल रूमला असतो.
ईदला त्याचे चुलते आले होते लिव्यावरून,
दारातच नाकाला नाक टेकवून भेटले,
काही न बोलता, तीनदा.
त्याला काम सांगितलं की तर्जनी नाकाच्या शेंड्यावर ठेवतो,
म्हणतो, अला खश्मी.
माझ्या नाकावर. म्हणजे झालंच समज.
आपण नाकावर टिच्चून करतो ते दुसऱ्याच्या.
हा स्वतःचं पुढे करतो.

त्यानंच एकदा घरून आणून दाखवलं,
शिंगाचं, पिवळं पडलेलं, चिमट्यासारखं:
फताम. पणजोबांचं.
हे नाकाला लावायचं, पायाला दगड बांधायचा
आणि जायचं खाली.
एका श्वासात हाताला लागतील तेवढे शिंपले.
मी लावून पाहिलं.
नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात,
उघडलं,
बोलायला काही आलं नाही.

बसरा मोती म्हणतो आपण. बसरा वर राहिलं, लांब.
निघायचे ते इथूनही, ह्याच उथळ पाण्यातून,
जिथे आता आमच्या पाइपलाइनी जातात.

घरी एक नथ होती.
वसुमतीची, तिच्या मावशीकडून आलेली.
सात मोती, मध्ये डाळिंबी खडा.
सराफानं भिंग लावलं, म्हणाला,
हल्ली मिळत नाहीत असे,
आणि तरीही वजनावरच घेतली.
व्हिसा, मेडिकल, एजंटचा चहा:
सगळं त्यातून गेलं.
मॅकलीश समजवायला बसला, पे थ्रू द नोज,
म्हणजे एखाद्या गोष्टीला
अव्वाच्या सव्वा मोजणं.
मी म्हणालो, हे राहू दे, साहेब.
हे येतं मला.

काल व्हिडिओवर वसुमती. भाकऱ्या चालल्या होत्या,
फोन पिठाच्या डब्याला टेकवलेला.
म्हटलं, करार संपू दे, ह्या खेपेला नथ आणतो,
आणि तर्जनी नेली नाकाच्या शेंड्यावर,
खल्फानसारखी.
ती म्हणाली, नाकाला काय झालं?
काही नाही.
मग फोन उचलून तिनं इतका जवळ घेतला
की पडद्यावर तिचं नाकच उरलं,
आणि डाव्या बाजूला,
भोक बुजू नये म्हणून,
केरसुणीची काडी.